हक्कसोडाआधीचा कागद

मैत्रिणींनो, बाजारात भाव कसा करावा हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. वांगी घ्यायची तर आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारून ठेवतो, कितीच्या वर जायचे नाही ते मनात पक्के असते, आणि निघताना "दादा, थोडा सांबार टाका वरून" म्हणून मूठभर कोथिंबीरही पिशवीत पाडून घेतो. पण माहेरी वाटणीची गोष्ट निघाली की हीच आपण अगदी कोऱ्या मनाने जाऊन बसतो. भाऊ म्हणतो, "ताई, इथं सही करून दे," आणि आपण करून देतो. नाहीतर चार शब्द जास्त बोलून भाऊबीजच तोडून येतो. या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे, ती आज सांगायची आहे.

माझ्या शेजारी राहणारी एक सूनबाई घर, मुले सांभाळून कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोराडीहून नागपूरला जाऊन-येऊन शिकते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार वकिलीच्या विद्यार्थ्यांना कोर्टाबाहेर तंटा मिटवण्याचा विषय सक्तीचा आहे, आणि त्यात वाटाघाटीचे कसब लुटुपुटीच्या बैठका करून शिकवतात. एका बाजूने हिचा गट, दुसऱ्या बाजूने दुसरा. तंट्याची हकिगत दोघांना सारखीच मिळते. पण आपल्या पक्षकाराच्या मनातले ज्या त्या गटालाच ठाऊक. बैठकीआधी आराखडा लिहून द्यायचा. तो लिहिताना सूनबाई संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसे आणि भावाची भूमिका माझ्याकडे देई! तेव्हा वाटले, हा कागद वकिलांपेक्षा आपल्यालाच जास्त उपयोगाचा आहे.

तिला दिलेला तंटा असा : वडील मृत्युपत्र न करता वारले. त्यांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले घर, किंमत ४० लाख. मागे आई, एक भाऊ आणि दोन विवाहित बहिणी. भाऊ म्हणतो, बहिणींनी हक्क सोडावा. धाकटी हो म्हणते, थोरलीला हिस्सा हवा आहे.

आराखड्यातली पहिली ओळ : माझे किती? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा घरात आई, मुलगा, मुली यांना सारखा वाटा, म्हणजे इथे प्रत्येकी १० लाखांचा. वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून दिला; केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. किमतीसाठी शेजाऱ्यांचा अंदाज धरू नका. सरकारी रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या खरेदीखतांचे आकडे काढा. आकडा कागदावरचा असला की बोलण्यात 'तू-तू मी-मी' येत नाही.

दुसरी ओळ : मला हे कशासाठी हवे? सूनबाईने आधी नुसती कलमेच लिहिली होती. पण पक्षकाराला घर विकायचे नव्हतेच. तिला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे होते, आणि आईला त्या घरातून कुणी हलवू नये ही काळजी होती. 'हिस्सा' या एका शब्दात अशी कितीतरी कारणे दडलेली असतात, नाही का?

तिसरी ओळ सर्वांत अवघड : समोरच्याला कशाची भीती आहे? इथे मी भाऊ झाले होते म्हणून सांगते, त्या खुर्चीत बसले की जग वेगळे दिसते. वडिलांच्या आजारपणाचा खर्च त्याने केलेला, घराचा कर तोच भरतो, आणि बहिणीने दावा लावला तर डोक्यावरचे छप्पर जाईल ही धास्ती. ते तो तोंडाने म्हणत नाही, "आता तुझं कशाला उकरून राहिली ताई," एवढेच म्हणतो.

चौथी ओळ : जुळले नाही तर काय? वाटणीचा दावा लावता येतो. त्याला वर्षे लागतात, पैसा लागतो, आणि सणवार बंद होतात ते वेगळेच. पण दाव्याआधीही लोकअदालतीची वाट आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. लोकअदालतीत समजुतीने झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. ही वाट माहीत असली की आवाज न चढवता ठाम राहता येते.

पाचवी ओळ : मागणी, सवलत, शेवटची रेघ. सूनबाईने लिहिले : मागणी १० लाखांची. दवाखान्याच्या आणि कराच्या खर्चापोटी उतरायचे, पण ७ च्या खाली नाही. पैसे एकदम नकोत, ३ वर्षांत ३ हप्ते चालतील. आईचा हिस्सा आईच्याच नावावर राहावा, हे मात्र सोडायचे नाही. बैठकीत भावाच्या गटाने घर राहते म्हटल्यावर हुश्श केले आणि साडेआठ लाखांवर जुळले! प्रत्येक घरी इतके सुरळीत होईल असे नव्हे. पण कुठे थांबायचे हे आधी ठरलेले असले, की माणूस भरीला पडत नाही आणि ताणतही बसत नाही.

आता सहीबद्दल, बरं का. बोलणी झाली त्याच दिवशी सही करू नका. "वाचून, विचारून आठ दिवसांनी येते," हे वाक्य पाठ करून ठेवा. घर-जमिनीतला हिस्सा सोडल्याचा लेख नोंदवावा लागतो, आणि एकदा नोंदवला की तो मोडायला फसवणूक किंवा दडपण कोर्टात सिद्ध करावे लागते. हप्ते ठरले असतील तर रक्कम, तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे लेखात आलेच पाहिजे. "पैसे काय, देईनच की" यावर हक्क सोडू नये.

तुम्ही म्हणाल, एवढे करून भावाला वाईट वाटले तर? वाटेल कदाचित. पण सही करून आलेली आणि मनात मात्र वर्षानुवर्षे घोकत राहिलेली बहीणही काही मोकळ्या मनाने ओवाळत नाही. आणि एखादीला सगळे समजून-उमजून हिस्सा भावाला द्यावासा वाटला, तर जरूर द्यावा. त्याचे समाधान वेगळे. फक्त आपण किती देतो आहोत हे देणारीला ठाऊक हवे. आंधळेपणाने सोडले तर त्याला दान कसे म्हणायचे?

तेव्हा पुढच्या वेळी माहेरून "सहीला ये" असा निरोप आला, तर पिशवी भरण्याआधी घरखर्चाच्या वहीचे एक कोरे पान काढा. या पाच ओळी लिहा आणि नवऱ्याला किंवा मैत्रिणीला भावाच्या जागी बसवून एकदा बोलून पाहा. मग खुशाल जा.