स्वच्छ आवाजाचे खोटे सोवळे

गावच्या वाजंत्र्यांचे, भजनी मंडळांचे आणि कलापथकांचे ध्वनिमुद्रण शहरातल्या स्टुडिओत झाले तरच ते ऐकण्याजोगे होते, असा एक समज आपल्याकडे मूळ धरून बसला आहे. घरातल्या एका खोलीत संगणक आणि दोन मायक्रोफोन यांवर जे मुद्रित होते ते कच्चे आणि हौशी; मुंबईच्या वातानुकूलित काचेमागे जे होते ते पक्के, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. हा समज आम्हांला घातक वाटतो. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, घरगुती स्टुडिओ चालविणारे तरुणच त्याला प्रथम बळी पडले आहेत.

वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे गाव आमच्या बहुसंख्य वाचकांनी पाहिले नसेल. अकोल्याहून वाशीमवरून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे ते एक लहानसे स्थानक. हा जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. या पट्ट्यात तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने आहेत, वरातीपुढे वाजणारे बँड आहेत, भीमगीतांचे गायक आहेत आणि पोहरादेवीच्या यात्रेला लोटणाऱ्या बंजारा समाजाची नगाऱ्यावरची गाणी आहेत. जऊळक्याएवढ्या गावातल्या एखाद्या तरुणाने या मंडळींना मुद्रित करायचे मनावर घेतले, तर त्याला अकोला, नागपूर, मुंबईची वाट धरण्याचे आज काहीच कारण नाही. यंत्रांची अडचण दूर झाली आहे. अडचण उरली आहे ती कानांची.

आज बहुतेक घरगुती स्टुडिओंत काम कसे चालते ते पाहा. प्रथम संगणकात एक ठोका लावायचा. तो ठोका कानांत घेऊन गायकाने एकट्याने गायचे. ढोलकी वाजविणारा गावात असूनही त्याला बोलवायचे नाही, कारण ढोलकीचे तयार तुकडे कीबोर्डात आहेत. झीलकऱ्यांच्या ठिकाणी एकाच माणसाचा आवाज तीन-चार वेळा मुद्रित करून एकावर एक रचायचा. शेवटी स्वर ‘दुरुस्त’ करणारी आज्ञावली फिरवायची आणि वर भरपूर घुमारा ओतायचा. जे निघते ते गुळगुळीत असते, यात शंका नाही. परंतु ते त्या मंडळाचे असते काय? भजनाची लय शेवटाकडे चढत जाते. ती चढण कोणी मोजून ठरवीत नाही, पखवाजी आणि गायक एकमेकांच्या तोंडाकडे बघून ती ठरवितात. संगणकाचा ठोका पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकाच चालीने चालतो. त्याच्याशी बांधलेल्या भजनाला शेवट असतो, चढण नसते. सनईच्या दोन स्वरांमधली मींड ही चूक समजून तिला जवळच्या ठरीव स्वरावर आणून बसविणारे यंत्र सनईचे कोणते भले करते, हे आम्हांला समजलेले नाही.

‘लोकांना हेच आवडते’ हे यावरचे ठरलेले उत्तर. लोकांना दुसरे काही ऐकवलेच नाही, तर त्यांची आवड कळणार कशी? दूर बसून गावाचा आवाज शुद्ध करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके चालू ठेवली. तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या एकाही भजनी मंडळाने आपली पेटी विहिरीत टाकली नाही. ‘काळी चार’ आणि ‘पांढरी पाच’ ही गायकाच्या पट्टीची नावे आजही पेटीवरूनच पडतात. लोकांच्या आवडीचे दाखले द्यायचेच, तर हाही दाखला द्यावा.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि त्याला तंत्रानेच उत्तर देणे योग्य. लहान खोलीत सगळे एकदम वाजवू लागले की नुसता गोंगाट होतो, असे म्हणतात. होतो खरा, पण त्यावरचा उपाय सर्वांना वेगळे पाडणे हा नव्हे, त्यांना नीट बसविणे हा आहे. सनई आणि हलगी ही मोकळ्या हवेची वाद्ये. त्यांना मायक्रोफोनपासून लांब ठेवावे, शक्य तर ओसरीवर किंवा अंगणात. गायकाला जवळ घ्यावे. भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या की तीक्ष्ण स्वरांचा प्रतिध्वनी पुष्कळ कमी होतो. खर्जाचा घुमारा त्यांनी जात नाही, म्हणून ढोलकी आणि नगारा खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नयेत. हलगीची थाप क्षणात उसळते. मुद्रणाची पातळी त्या सर्वांत मोठ्या थापेला धरून खाली ठेवावी, कारण संगणकात एकदा माथा कापला गेलेला आवाज पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही. गाडीची वेळ आणि वीज जाण्याची वेळ पाहून काम लावावे. या सर्वाला पैसा थोडा लागतो. धीर मात्र पुष्कळ लागतो.

मिश्रणाच्या वेळी आवाज चढविण्याची जी चढाओढ चालते, ती तर निव्वळ व्यर्थ आहे. यूट्यूबसारखी माध्यमे प्रमाणाबाहेर चढविलेले ध्वनिमुद्रण वाजविताना आपोआप खाली आणतात. म्हणजे गाण्यातला हळू आणि मोठा हा भेद आपण मारून टाकतो आणि त्या बदल्यात मोठेपणाही हाती लागत नाही. भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या कर्ण्यातून ढोलकीचा खर्ज निघत नाही, म्हणून तो दुप्पट करण्यातही शहाणपण नाही. तेथे ऐकू येतात ते त्या थापेतले वरचे स्वर; तेच स्पष्ट राखले तर ढोलकी ओळखू येते.

परंतु आमचा खरा रोष याहून वेगळ्या गोष्टीवर आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी, अशी ती सोय होती असे सांगतात. कारण काहीही असो, सव्वाशे वर्षांनंतरही तो आवाज कोणाचा हे त्या तबकडीलाच विचारता येते. आज मात्र गावच्या बँडचे गाणे वाहिनीवर चढते तेव्हा वाहिनीचे नाव ठळक असते, मिश्रण करणाऱ्याचे असते, कधी गायकाचे असते; क्लॅरिनेट कोणी वाजविले, हलगीवर कोण होते, याचा पत्ता नसतो. आपल्या संतांनी आणि शाहिरांनी शेवटच्या चरणात नाव गुंफण्याची प्रथा पाळली. गाणे चार मिनिटांत बसविण्यासाठी जेव्हा शेवटचे कडवे कापले जाते, तेव्हा त्या कडव्याबरोबर रचनाकाराचे नावही कचऱ्यात जाते. हे केवळ कलेचे नुकसान नव्हे, हा अन्याय आहे.

हा अन्याय कायद्यालाही धरून नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताचा हक्क आला. १९९९च्या दुरुस्तीने त्याची मुदत पंचवीस वर्षांवरून पन्नास झाली. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या वादनाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही त्याला मिळाला. ध्वनिमुद्रणाची मालकी साधारणपणे निर्मात्याकडे असते हे खरे. पण कलावंताने आपला हक्क सोपवायचा तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. परंपरागत भजनावर कोणाचीच मालकी नसते. मालकी असते ती त्या एका विशिष्ट मुद्रणाची. चहा पाजून आणि जाण्यायेण्याचे भाडे देऊन आयुष्यभराचे हक्क घेतल्याचा जो आव आणला जातो, त्याला कायद्याचा आधार नाही. ‘त्यांना प्रसिद्धी मिळते, आणखी काय हवे?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही विचारतो, नाव न लिहिता प्रसिद्धी मिळते ती कोणाला?

काम कसे करावे याचा नमुना आपल्या घरातच आहे. गी पॉइट्वँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील अनेक ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. हे मुद्रण गावोगावी, बाया जेथे बसत तेथे झाले. ओवीबरोबर गाणारीचे नाव राहिले, गाव राहिले. जात्याची घरघर कोणी पुसून टाकली नाही, म्हणून ती ओवी कोठून आली हे कानांना कळते.

आमचे ज्ञातिबांधव म्हणतील, जऊळक्याच्या बँडशी आपला काय संबंध? वसईत लग्नाला आणि सणाला ब्रास बँड वाजतो, त्याचीही हीच गत होऊ घातली आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक संविधानात प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे बजावले. तो मान देणे म्हणजे कीबोर्डातल्या तबल्यावर गायन बसविणे नव्हे.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. घरगुती स्टुडिओ ही गावाच्या हाती प्रथमच आलेली सत्ता आहे आणि ती परक्याच्या नकलेत खर्च होऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे. म्हणून तो चालविणाऱ्या प्रत्येकाकडे आमच्या चार मागण्या आहेत. मंडळ जसे बसून वाजविते तसेच त्याला एकत्र मुद्रित करा. प्रत्येक वादकाचे नाव आणि गाव गाण्याबरोबर लिहा. पैशांची आणि हक्कांची बोली मराठीत कागदावर उतरवा आणि त्याची प्रत मंडळाला द्या. मिश्रण न केलेल्या मूळ मुद्रणाची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा. आजचे मिश्रण उद्याच्या कानांना रुचेल न रुचेल. मूळ मुद्रण जपलेले असेल तर उद्याची माणसे आपल्या कानांनी ते पुन्हा करू शकतील. ते जपले नाही, तर वाजविणारे हात थांबल्यावर गावापाशी फक्त वाहिनीचे नाव उरेल.