समुद्राला सातबारा नसतो

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, रोजगार सुमारे १० लाख. तेव्हापासून पालघर-बोईसरात आम्ही विरोधाची बाजू मांडू लागलो की हाच १० लाखांचा आकडा तोंडावर फेकला जातो. अर्थशास्त्र सांगतंय, मग तुम्ही कोण?

हा आकडा कुठल्या अर्थाने शास्त्र आहे? ग्रहणाची वेळ चुकली तर खगोलशास्त्रज्ञाला गणित दुरुस्त करावं लागतं. रोजगाराचा अंदाज चुकला तर कोणाचं काय बिघडतं? तोवर समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडलेला असेल. २०१३ साली अर्थशास्त्राचं नोबेल फामा आणि शिलर यांना एकत्र मिळालं. बाजार कितपत शहाणा असतो यावर दोघांची मतं परस्परविरोधी. (हे पारितोषिक नोबेलच्या मृत्युपत्रात नव्हतंच, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने ते १९६८ साली सुरू केलं.) मतभेद हा दोष नव्हे. पण अशा विद्येचा अंदाज अंतिम निकाल म्हणून लोकांवर लादणं हे राजकारण आहे.

खरी गोम मोजणीत आहे. नुकसान रुपयांत मोजलं की ज्याची कमाई कमी, त्याचं नुकसानही कमी ठरतं. जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नसतो. मग बोंबील सुकवून विकणाऱ्या मांगेला बाईचं काय गेलं, हे कुठल्या कागदावरून ठरवणार? उलट तारापूरच्या कारखान्यांचं उत्पादन जीडीपीत धरलं जातं, खाडीत गेलेलं रसायन त्यातून वजा होत नाही. आजारी पडलेल्याचं दवाखान्याचं बिल तर त्यात भरच घालतं! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं, ते याच विकासातून.

मतपेटीत प्रत्येक माणसाचं मूल्य सारखं, या हिशेबात मात्र प्रत्येक रुपयाचं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत ज्या विसंगतीचा इशारा दिला, ती अशी प्रकल्प अहवालात शिरते.

म्हणून अर्थशास्त्र फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. लहान शेतजमिनींवरच्या १९१८ च्या निबंधात त्यांनी किफायतशीर शेती म्हणजे काय, याची तज्ज्ञांनी केलेली व्याख्याच आधी तपासली आणि ती उत्पादनाच्या नव्हे, उपभोगाच्या बाजूने केलेली आहे, हे दाखवलं.

आपल्या पोरांनीही तेच करावं. १० लाखांत कायम किती, कंत्राटी किती, डहाणू-पालघरचे किती? ते कोणत्या सूत्राने काढले? आणि बुडणाऱ्या रोजगाराचा रकाना कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत एकदा अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठवलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांकडे जाऊन बसा.