तीन बल्ब आणि एक सिगार

इतिहासाच्या पुस्तकातल्या थोरामोठ्यांना मुले मिशा काढतात, चष्मे लावतात. आम्ही शिक्षक त्यांना रागावतो. पण त्या चेहऱ्यांसमोर एके काळी कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे होते, घड्याळाकडे बघत घाम पुसत होते, हे मात्र आम्ही मुलांना सांगत नाही. या महिन्यात त्या कॅमेऱ्यामागच्या माणसांविषयी बोलू या.

मोबाईलच्या काळात वाढलेल्या मुलांना फिल्मचा कॅमेरा समजावून सांगावा लागतो. मोठ्या व्यक्तिचित्रांसाठी जो कॅमेरा वापरत, त्यात रोलही नसे. आठ बाय दहा इंचांचा फिल्मचा एकेक सुटा तुकडा चपट्या पेटीत बंद असे. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवर चेहरा बघे, तोही उलटा, डोके खाली आणि हनुवटी वर. मग ती पेटी कॅमेऱ्यात सरकवली की काचेवरचे चित्र बंद. पुढे जे काही टिपायचे ते डोळ्यांच्या अंदाजाने. फोटो आला की नाही, हे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्यावरच कळे. तोपर्यंत समोरचा पंतप्रधान आपल्या कामाला निघून गेलेला असे. त्याला परत बोलावणार कोण?

३० डिसेंबर १९४१ चा दिवस घ्या. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल कॅनडाची राजधानी ओटावा येथे संसदेत भाषण करून बाहेर आले. शेजारच्या सभापतींच्या दालनात दिवे लावून, कॅमेरा मांडून एक तेहतीस वर्षांचा छायाचित्रकार वाट बघत होता. फोटो काढायचा आहे हे चर्चिलना कोणी सांगितलेच नव्हते. ते वैतागले आणि एकच फोटो काढू देईन म्हणाले. तोंडात नुकताच पेटवलेला सिगार. छायाचित्रकाराने राखदाणी पुढे केली, पण सिगार काही सुटेना. तेव्हा तो अदबीने पुढे झाला, माफी मागितली आणि चक्क चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला. कॅमेऱ्यापाशी परत येईपर्यंत चर्चिल असे रागाने बघत होते की जणू खाऊन टाकतील. त्याच क्षणी त्याने फोटो घेतला. नंतर चर्चिल हसले, आणखी एक फोटो काढू दिला आणि त्याच्या धिटाईला दादही दिली. जगाने मात्र लक्षात ठेवला तो पहिला, रागावलेला चेहरा. २०१६ पासून इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर हेच चित्र आहे.

त्या छायाचित्रकाराचे नाव यूसुफ कार्श. नाव ऐकून वाचकांना तो आपल्यापैकीच वाटेल, पण तो आर्मेनियन ख्रिस्ती होता. १९०८ मध्ये उस्मानी साम्राज्यातल्या मार्दिन शहरात जन्मला. आर्मेनियन लोकांच्या कत्तलींचा काळ त्याने लहानपणी बघितला. कुटुंब घरदार सोडून सीरियात गेले आणि पुढे कोवळ्या वयातच त्याला कॅनडात मामाकडे पाठवण्यात आले. मामा छायाचित्रकार होता. कार्शने आपल्या आठवणींत आईची एक गोष्ट सांगितली आहे. गोट्यांवरून मुलांनी त्याला दगड मारले. कपाळातून रक्त येत असताना तो घरी आला आणि म्हणाला, उद्यापासून मीही दगड घेऊन जाणार. आईने त्याला जवळ घेऊन समजावले की त्या मुलांना आपण काय करतो ते कळत नाही. तुला दगड मारायचाच असेल तर नेम चुकेल एवढे बघ.

ज्या समाजावर एवढा जुलूम झाला, त्या समाजातल्या आईने हे सांगावे, यावर आपल्यातल्या प्रत्येक आईने आणि बापाने जरा थांबून विचार करावा. दुखावलेल्या मुलाच्या हातात आपण काय देतो?

कार्श पुढे बोस्टनला जॉन गारो या आर्मेनियन उस्तादाकडे शिकला. १९३२ मध्ये त्याने ओटावात स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथल्या हौशी नाटकमंडळीत जाऊन रंगमंचावर दिवे कसे टाकतात ते त्याने नीट बघून घेतले. चेहऱ्याइतकेच लक्ष तो हातांकडे देई आणि हातांसाठी वेगळा दिवा लावी. उर्दूत फोटोग्राफीला 'अक्कासी' म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. मराठीत 'छायाचित्र' म्हणतात. छाया म्हणजे सावली. कार्शचे काम बघताना आम्हाला मराठी शब्द अधिक खरा वाटतो, कारण तो प्रकाशाइतकीच सावलीही जपून वापरत असे.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. १९४६ मध्ये 'लाइफ' या अमेरिकन नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा चरख्यासह फोटो घ्यायला आल्या. त्यांना सांगण्यात आले की आधी चरखा चालवायला शिका, मग फोटो काढा. त्या शिकल्या. शिवाय गांधीजींचा मौनाचा दिवस होता आणि डोळे दिपवणारा उजेड त्यांना नको होता. फक्त तीन फ्लॅश बल्बची परवानगी मिळाली. तेव्हाचा बल्ब एकदाच पेटे आणि संपे. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसरा साधला, आणि तोच फोटो आज जगभर ओळखला जातो.

ओटावात छायाचित्रकाराने सत्ताधाऱ्याची सवय मोडली, पुण्यात छायाचित्रकाराला आपली सवय मोडावी लागली. एकाने सिगार काढून घेतला, दुसरीने आधी सूत कातले. दोन्ही फोटो उत्तम आले. धिटाई आणि अदब या एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे आम्ही वर्गात वारंवार सांगतो. ते या दोन फोटोंत दिसते.

आपल्या देशातल्या होमाई व्यारावाला यांचेही नाव मुलींना जरूर सांगा. १९१३ मध्ये नवसारीत पारशी घरात जन्म, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिक्षण. १९४२ पासून दिल्लीत पुरुषांच्या गर्दीत साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत त्यांनी नेहरूंचे आणि स्वातंत्र्याच्या काळाचे फोटो टिपले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आता जरा अवघड गोष्ट. चर्चिलचा तो चेहरा इंग्रजांना हिटलरपुढे न झुकणाऱ्या निर्धाराचा वाटतो, आणि त्यात खोटे काही नाही. पण दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि अंदाजे २० ते ३० लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. धान्याची जहाजे पाठवा, ही हिंदुस्थानातून होणारी मागणी चर्चिल यांच्या युद्ध मंत्रिमंडळाने एकदा नव्हे, अनेकदा नाकारली किंवा तोकडी मान्य केली. ते या फोटोत दिसत नाही. दिसणार कसे? दिवा जिथे टाकला तेवढेच दिसते. बंगालच्या त्या माणसांसमोर कोणी खास दिवे लावून, आठ बाय दहाची फिल्म घालून उभे राहिले नव्हते.

म्हणून आम्हाला वाटते की धडा वाचायला शिकवतो तसा फोटोही वाचायला शिकवावा. घरी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगा. हा फोटो कोणी काढला? कोणाच्या परवानगीने काढला? चौकटीबाहेर कोण राहिले? निवडणुकीचे फलक बघतानाही हेच तीन प्रश्न कामाला येतात.

आणि घरातल्या चौकटीबाहेरच्या माणसांचे आपणच बघायचे असते. दादी-नानीचा एखादा जुना फोटो ट्रंकेत पडला असेल तर तो बाहेर काढा. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि आठवत असेल ते साल लिहा. पेनाची शाई पुढे उतरते. निगेटिव्ह मिळाल्या तर रद्दीत टाकू नका, कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. ज्यांना चेहरे ओळखता येतात ती बुजुर्ग माणसे आहेत तोवर हे काम उरकून घ्या. एखाद्या सुट्टीच्या दुपारी मुलांना सोबत घेऊन बसलात तर निम्मे काम तीच करतील.