ज्येष्ठांना हवी आहे ठरलेली वेळ

दरवर्षी 1 ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ज्येष्ठ दिनी, ठिकठिकाणच्या वृद्धसेवा केंद्रांत पाहुण्यांची वर्दळ असते. फळे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी त्याच खोल्या पुन्हा शांत होतात. आखातातील मराठी मंडळांनी सेवाकार्याचा विचार या दुसऱ्या दिवसापासून करायला हवा.

संयुक्त अरब अमिरातीने ज्येष्ठांविषयी जाणीवपूर्वक धोरण आखले आहे. 2018 च्या राष्ट्रीय धोरणात ‘वयोवृद्ध’ या अर्थाचा अरबी शब्द बाजूला सारून ‘ज्येष्ठ नागरिक’ ही संज्ञा स्वीकारली गेली. पाठोपाठ 2019 च्या 9 क्रमांकाच्या संघीय कायद्याने साठी ओलांडलेल्या नागरिकांचे हक्क निश्चित केले. स्वयंसेवेलाही 2018 च्या 13 क्रमांकाच्या कायद्याची चौकट आहे. त्यामुळे मनात आले म्हणून चार मित्रांनी केंद्रात शिरावे, असे येथे चालत नाही. नोंदणी करून अधिकृत संस्थेमार्फतच जावे लागते.

अनेकांना हा जाच वाटतो. पण दुर्बल, परावलंबी माणसाच्या दृष्टीने तो आवश्यकच आहे. गिळण्याचा त्रास असलेल्या आजोबांना प्रेमाने भरवलेला लाडू त्यांच्या जिवावर बेतू शकतो. भरवणे, उठवणे ही प्रशिक्षितांची कामे. स्वयंसेवकाचे काम दिसायला सोपे, करायला कठीण : समोर बसावे, सावकाश बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला आपले नाव आठवणार नाही; तरी सवयीचा आवाज तिला आश्वस्त करू शकतो. सवय मात्र एका भेटीत लागत नाही.

या प्रश्नाला आपल्या घरची बाजूही आहे. येथील आपले वास्तव्य बहुधा नोकरीशी बांधलेले. आईवडिलांना आणायचे तर उत्पन्नाची अट, आरोग्यविमा आणि दरवर्षीचे नूतनीकरण. 55 वर्षांवरील निवृत्तांसाठीचा व्हिसा आहे, पण त्याच्या आर्थिक अटी सर्वांना पेलणाऱ्या नाहीत. परिणामी अनेकांचे आईवडील पुण्यात, नाशकात, सांगलीत एकटे किंवा वृद्धाश्रमात राहतात. भारताच्या 2007 च्या कायद्याने पालकांच्या निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये ठेवली. आपण त्याहून अधिक पाठवतोही, तेही न चुकता. पण मुलांच्या सहवासाची तरतूद कोणताही कायदा करू शकत नाही.

म्हणूनच मंडळांनी मोठ्या कार्यक्रमांऐवजी छोटी शिस्त स्वीकारावी : एक स्वयंसेवक, एक ज्येष्ठ, आठवड्याचा एक ठरलेला तास, किमान सहा महिने. येणे जमणार नसेल तर आधी कळवावे. कारण पलीकडे कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेले असते. हीच शिस्त घरच्या फोनलाही लावावी. दुबईत परक्या आजींसाठी राखलेला तास सांगलीतल्या आईच्या वाट्याचा असू नये.