जुनी गाडी : दुरुस्ती की निरोप?

घरातील गाडी जुनी झाली, की घरोघरी एकच वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, "आता हिच्यावर पैसे घालू नका, भंगारात द्या." दुसरा म्हणतो, "गाडी चालते आहे ना, मग नवी कशाला?" या वादात कोणाचे बरोबर? माझ्या मते, नुसते गाडीचे वय पाहून याचे उत्तर देता येत नाही. गाडी किती चालते, कोठे चालते आणि तिचा कोणता भाग खराब झाला आहे, हे आधी पाहावे लागते.

आपण गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीचे उदाहरण घेऊ. हा जंगलाचा मुलूख आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर ही दोन्ही शहरे येथून शंभर किलोमीटरांहून दूर आहेत. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर येतो, रस्ते उखडतात. खड्ड्यांत आपटून गाडीचे पाटे तुटतात. चिखलपाण्याने पत्रा गंजतो. अशा भागात गाडी केवळ हौसेसाठी नसते. एखाद्या खेड्यात रात्री कोणी आजारी पडले आणि रुग्णवाहिका वेळेवर आली नाही, तर गावातील जीपच रोग्याला अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवते. म्हणून येथे गाडी काढून टाकणे सोपे नाही आणि बिघडलेली गाडी चालवणेही योग्य नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, जुन्या गाडीच्या दुरुस्तीला 36,000 रुपये लागले आणि ती 3 वर्षे चालली. म्हणजे महिन्याला 1,000 रुपये पडले. नव्या गाडीचा हप्ता मात्र महिन्याला 10,000 रुपये आहे. समजा, जुनी गाडी एका लीटरमध्ये 12 किलोमीटर जाते आणि नवी 18 किलोमीटर. इंधनाचा भाव लीटरला 100 रुपये धरा. महिन्याला 300 किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची नव्या गाडीमुळे सुमारे 800 रुपयांची बचत होईल. तेवढ्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. पण महिन्याला 4,000 किलोमीटर धावणाऱ्या काळी-पिवळीच्या मालकाची बचत सुमारे 11,000 रुपये होईल. त्याचा हप्ता इंधनातूनच निघेल! पाहा, गाडी तीच. पण एकासाठी दुरुस्ती फायद्याची आणि दुसऱ्यासाठी तोट्याची.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. साध्या बांधणीच्या जुन्या जीपचा बिघाड गावचा मेस्त्री आवाजावरून ओळखतो. नव्या गाड्यांत मात्र इंजिनावर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची नजर असते. तिचा दोष शोधायला वेगळे यंत्र लागते. ते जवळ नसेल, तर गाडी दूरच्या शहरात ओढून न्यावी लागते.

मग जुनी गाडी कायमच दुरुस्त करत राहावी का? नाही. आपल्या एस.टी. महामंडळाकडून येथे एक धडा घेता येतो. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. तेथे जुन्या गाड्यांची ॲल्युमिनियमची बॉडी काढून त्याच चासीवर नवी पोलादी बॉडी बसवली गेली. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. सांगाडा भक्कम असेल, तर वरचे बदलता येते. सांगाडाच गंजून कुजला असेल, तर त्यावर रंग लावून काय उपयोग?

कायदाही हेच पाहतो. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते आणि ती योग्य ठरली तरच पुढील 5 वर्षांसाठी नोंदणी मिळते. 1 एप्रिल 2022 पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले. हा खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

मात्र एका बाबतीत हिशेब करूच नये. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांवर काटकसर करणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे होय. सीट फाटली, रंग उडाला, तर गाडी थांबत नाही. पण उतारावर ब्रेक लागला नाही, तर वाचवलेले पैसे कोणाच्या कामाचे? यांची दुरुस्ती परवडत नसेल, तर ती गाडी परवडत नाही, असे समजावे.

'दुरुस्त' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. तेथे त्याचा अर्थ 'बरोबर, योग्य' असा होतो. घरी हा वाद निघाला, तर वही-पेन्सिल घेऊन बसा. मोठ्यांना विचारा : गाडी महिन्याला किती चालते? सांगाडा कसा आहे? ब्रेक कसे आहेत? या तीन उत्तरांवरून दुरुस्ती करणे 'दुरुस्त' आहे की नाही, ते तुम्हीच सांगू शकाल.