मनावर घेतले म्हणजे सुटते?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्याच सभागृहात ‘व्यसनमुक्ती’ या विषयावर बोलताना मी मनोनिग्रहाचा मोठा जयघोष केला होता. ‘ज्याने मनावर घेतले, तो सुटला!’ या वाक्याला टाळ्या पडल्या आणि मला दुसरा क्रमांक मिळाला. ते बक्षीस आज मला टोचते.

माझा थोरला चुलतभाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता. पंजाबच्या लांबच्या खेपांत अंग दुखू नये म्हणून त्याने आधी अफूच्या बोंडांचा भुगा धरला, मग गर्द. आम्ही त्याला गावी आणून आठ दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडले. डोळ्यानाकाला पाणी, उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखी कळ. सातव्या दिवशी तो भाकरी मागू लागला, तेव्हा ‘सुटला’ म्हणून आम्ही नारळ फोडला. पंधरा दिवसांत तो पुन्हा घेत होता.

पुढे पुण्यातल्या एका केंद्रात त्याला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. तो कामाला लागला, घरी पैसे पाठवू लागला. दिवाळीला आला तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या बरोबर होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वीजबिलापासून औषधाच्या पट्टीपर्यंत सारे वाचायला माझ्याकडे येते आणि मी सांगेन तो अर्थ खरा ठरतो. काकीने पट्टी पुढे धरली, “बघ रं, ह्यात काय हाय?” नाव होते ब्युप्रेनॉर्फिन. मोबाइलवर पाहून मी ऐटीत म्हणालो, “अफूच्याच जातीची गोळी आहे ही.”

त्यात खोटे काही नव्हते, पण ते अर्धेच होते. काकीने गोळ्या चुलीत टाकल्या. दादा खाली मान घालून बसला. तो केंद्रात परत गेलाच नाही. महिन्याभरात पुन्हा गर्द.

उरलेले अर्धे मी नंतर वाचले. गर्दाचा अंमल काही तासांत उतरतो, म्हणून माणूस दिवसभर त्याच्याच मागे धावतो. ही गोळी शरीरात तीच जागा धरून बसते, पण सावकाश आणि दीर्घकाळ. सवय असलेल्याला योग्य मात्रेत ती नशा देत नाही; तलफ मात्र शमवते. वरून गर्द घेतले तरी त्याचा जोर चालू देत नाही. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निसवांडर या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात मेथाडोन देऊन हीच वाट दाखवली. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. आमचे आजोबा बारा वर्षे साखरेची गोळी घेतात, त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही!

सर्वांत भयंकर गोष्ट तर आम्हाला ठाऊकच नव्हती. काही दिवस बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुनीच मात्रा घेतली तरी श्वास थांबू शकतो. कोंडून ‘सुटलेला’ दादा त्या पंधरा दिवसांत मेला नाही, हे नशीब.

नुसती गोळी पुरते असे मी म्हणत नाही. १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषीने केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरी आल्यावर पुन्हा त्याच्या आहारी गेले नाहीत. भोवतालचे जगच बदलले होते. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तिथेही एकट्याच्या मनोनिग्रहावर भिस्त न ठेवता गटाची सोबत आणि घरच्यांचा सहभाग यांवर भर राहिला. आम्ही घरच्यांनी काय दिले? कडी आणि कुलूप.

दादाची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. मीच त्याला घेऊन गेलो. आता ती रोज केंद्रात जाऊन, तिथल्या माणसांसमोर घ्यावी लागते. घरी न्यायला इतक्यात मिळणार नाही. आमच्या तालुक्यात असे केंद्र नाही, म्हणून यंदा तो यात्रेला आला नाही. काकीने माझ्याबरोबर पुरणपोळ्यांचा डबा पाठवला आणि बजावले, “आधी गोळी घिऊ दे, मग दे.”