पाणी हलकं, म्हणून स्वच्छ?

महाबळेश्वरचं पाणी हलकं, याचं इथे येणाऱ्यांना भारी कौतुक. ते खरंही आहे. डोंगरावर कोसळणारा पाऊस वेण्णा तलावात साठतो. खडकात फार काळ न मुरल्याने त्यात क्षार कमी उतरतात. साबणाला फेस येतो, तूरडाळ लवकर शिजते. याच जिल्ह्यातल्या माण-खटावमध्ये बोअरच्या पाण्याने भांड्यांना पांढरा थर बसतो. तिथल्या बायांना हे पाणी नेमतच वाटेल.

पण थर बसत नाही म्हणून पाणी शुद्ध, हे मला मान्य नाही. जडपणा क्षारांचा असतो. जुलाब, कावीळ होते ती मैलापाण्याने, आणि ते नेहमी डोळ्यांना दिसत नाही. रंग, वास, चव बदललेली नसली तर पाणी वजूला चालतं. पिण्याला तेवढी कसोटी पुरत नाही.

१८४२ साली बांधलेला हा तलाव पाचगणीलाही पाणी पुरवतो. काठावर घोडे फिरतात, आसपास हॉटेलं आहेत. बोट मात्र आधी घोडेवाल्यांकडे जातं. लीद उचललीच पाहिजे. पण हॉटेलांच्या सेप्टिक टाक्या कुठे झिरपतात, हेही कुणीतरी विचारा की! आणि मुळात हलक्या पाण्याला आरओ कशाला? निम्मं पाणी मोरीत जातं. पिण्यापुरतं उकळून घ्या, नळाला क्लोरीन येतं का ते पालिकेला विचारत राहा.